किरकोळ जमा

काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार, हे घरात सर्वांत आधी सुनांच्या लक्षात आले. शाल, श्रीफळ, एक लहानसे मानपत्र आणि नातेवाइकांचे एकत्र भोजन एवढे ठरले. मग पुतण्याने सुचविले की त्या दिवशी काकांनी वाजवावे. यावर क्षणभर कोणी बोलले नाही. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "कशावर वाजवतील? पेटी कुठं आहे आता?"

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. सांगलीच्या गणपती पेठेतील त्या घरात 'इटालियन पेटी' या नावाने ओळखले जाणारे वाद्य फारफिसा कंपनीचा कॉम्पॅक्ट ऑर्गन होते. १९७२ साली काकांनी तो मुंबईहून जुना विकत आणला, रेल्वेने मिरजेपर्यंत आणि तेथून टांग्याने घरी आणला. काका तेव्हा तेवीस वर्षांचे होते. सकाळी हळदीच्या सौद्याला उभे राहायचे आणि रात्री गावोगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, असे त्यांचे सात वर्षे चालले. १९७९ मध्ये आजोबा गेले आणि त्याच वर्षी पेटीही घरातून गेली. मोठे भाऊ, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, त्यांनी धाकट्या भावाला पूर्णवेळ दुकानात बसविण्यासाठी ती विकून टाकली, अशी घरातली समजूत होती. कोणी हे उघडपणे म्हटले नव्हते, परंतु पुतण्याने ते लहानपणापासून ऐकल्यासारखे धरून ठेवले होते. तो अण्णांचा मुलगा होता. अण्णांना जाऊनही बारा वर्षे झाली होती.

पुतण्याच्या मुलाने नोकरीसाठी बंगळुरूला जाताना आपला स्टेज कीबोर्ड घरीच ठेवला होता. त्यात पियानो होता, व्हायोलिनांचा ताफा होता आणि तीन तऱ्हेचे ऑर्गनही होते. एके रविवारी पुतण्याने 'साठच्या दशकातला ऑर्गन' असे नाव असलेला आवाज निवडला, दोन तारा मिळवून वाद्य दिवाणखान्यात मांडले आणि काकांना बसविले.

काकांनी उजव्या हाताने चार सूर धरले, ऐकले आणि हात उचलला. "हे फिरतंय कशाला?"

प्रश्न अचूक होता. आजच्या बहुतेक वाद्यांत ऑर्गन म्हटले की प्रथम हॅमंड गृहीत धरला जातो. अमेरिकेत १९३५ पासून विकल्या गेलेल्या त्या ऑर्गनात विजेच्या मोटारीवर फिरणारी दातेरी चाके सूर निर्माण करीत, आणि तो आवाज बहुधा लेस्ली नावाच्या, आतले कर्णे गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून बाहेर पडे. आवाजाला येणारी ती लाट अतिशय श्रीमंत वाटते. परंतु हॅमंडचे बी-३ हे मॉडेल बैठक आणि पायपट्ट्यांसह जवळजवळ दोनशे किलो भरते, आणि रोज नव्या गावी कार्यक्रम करणाऱ्या पोरांना ते वाहून नेणे शक्य नव्हते. ट्रान्झिस्टर ऑर्गन निघाला तो या अडचणीवरचा उपाय म्हणून. १९६२ मध्ये इंग्लंडातील केंट परगण्यात, डार्टफर्ड येथील जेनिंग्ज कंपनीने व्हॉक्स काँटिनेंटल बाजारात आणला. त्याच्या वरच्या झाकणाचा रंग नारिंगी-लाल होता, नेहमीच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या आणि पांढऱ्या पट्ट्या काळ्या होत्या, आणि स्टँड चकचकीत पोलादी नळ्यांचा होता. पुढे दोन वर्षांत इटलीहून फारफिसाचे कॉम्पॅक्ट आले. पाय काढून पेटीतच ठेवावेत, झाकण लावावे आणि एका माणसाने उचलून गाडीत टाकावे, अशी त्यांची सोय होती. त्यांना फिरता स्पीकर कोणी जोडत नसे. गिटारसाठी असलेला साधा अँप्लिफायर मिळाला की काम भागे.

पुतण्याने फिरणे बंद केले. पट्टी दाबताक्षणी येणारा हॅमंडचा ठक्क असा आवाजही बंद केला. बोट जोरात पडले की सूर मोठा होतो, ही पियानोची सवयही त्याने काढून टाकली, कारण ऑर्गनाच्या पट्टीला जोर कळत नाही. ती लागलेली असते किंवा नसते. एवढे झाल्यावर काका म्हणाले, "आता जरा जवळ आलास. पण हा कुणातरी इंग्रजाचा आहे. माझा नाही."

हेही खरेच होते. वाद्यात निवडलेला नमुना व्हॉक्सचा होता. 'द ॲनिमल्स' या इंग्रज चमूच्या १९६४ च्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'मध्ये ॲलन प्राइस यांनी वाजविलेला, आणि अमेरिकेत रे मॅन्झारेक यांनी 'द डोअर्स'च्या पहिल्या गाण्यांत वाजविलेला आवाज तो हाच. बीटल्सचे जॉन लेनन यांनी १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये कोपराने घासून वाजविला, तोही व्हॉक्सच. ज्या जेनिंग्ज यांनी ही कीर्ती उभी केली त्यांची गोष्ट व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. मागणी इतकी वाढली की भांडवल पुरेना. १९६४ मध्ये त्यांनी कंपनीचा निर्णायक हिस्सा रॉयस्टन या उद्योगसमूहाला दिला, आणि १९६७ मध्ये स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. काही वर्षांतच तो समूहही बुडाला. नाव मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आणि १९९२ पासून ते जपानच्या कोर्ग कंपनीकडे आहे.

फारफिसाची कुळी वेगळी. ॲकॉर्डियन बनविणाऱ्या इटलीतील जुन्या कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एकत्र येऊन ही संस्था काढली; 'फारफिसा' हे नावही 'संयुक्त ॲकॉर्डियन कारखाने' या अर्थाच्या इटालियन शब्दांच्या आद्याक्षरांतूनच आले आहे. ॲकॉर्डियन आणि आपली हार्मोनियम ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे आहेत. दोघांतही हवेच्या झोताने धातूची पत्ती थरथरते. काकांनी मुंबईत दोन्ही वाद्ये ऐकून फारफिसाच का उचलला, याचे कारण कदाचित या नात्यात असेल. काका स्वतः मात्र सांगतात की दुसरा पाचशे रुपयांनी महाग होता.

व्हॉक्सवर आवाज ठरविण्यासाठी ओढायच्या दांड्या असतात, फारफिसावर रंगीत खटके. एकेका खटक्यावर नाव आणि आकडा असतो: बास १६, स्ट्रिंग्ज १६, फ्लूट ८, ओबो ८, ट्रम्पेट ८, स्ट्रिंग्ज ८, फ्लूट ४, स्ट्रिंग्ज ४. आकडे फुटांचे आहेत आणि ते चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनावरून आले. आठ फुटी म्हणजे नेहमीचे सप्तक, सोळा म्हणजे खालचे, चार म्हणजे वरचे. काकांना पंचेचाळीस वर्षांनंतरही आपले खटके पाठ होते. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीताला स्ट्रिंग्ज सोळा, ट्रम्पेट आठ आणि फ्लूट चार; गायिकेच्या मागे फक्त फ्लूट आठ; शेवटच्या कडव्याला सगळे. त्यांनी हे असे सांगितले, जसे दिवाणजी जुन्या पेठांचे भाव सांगतो.

सगळे खटके एकदम लावल्यावर आवाज भरदार का होतो, हे पुतण्याला समजावून घ्यावेसे वाटले. या ऑर्गनांत बारा सुरांचे बारा मूळ जनक असतात. प्रत्येक जनक आपल्या सुराचे सर्वांत वरचे सप्तक निर्माण करतो आणि पुढची मंडले त्या कंपनसंख्येचे निम्मे, मग निम्म्याचे निम्मे, असे करीत खालची सप्तके काढतात. निम्मे करणारे मंडल एका वेळी एकच जाणते, चालू किंवा बंद. म्हणून त्यातून निघणारी लहर गोल नसते, चौकोनी असते. अशा चौकोनी लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम भागच असतात. दुप्पट, चौपट नसतात. त्यामुळे तो आवाज पोकळ, शहनाईपेक्षा बासरीकडे झुकणारा वाटतो. तिच्यात वरच्या सप्तकाची लहर निम्म्या जोराने आणि त्याच्या वरची पाव जोराने मिसळली की न आलेले सम भाग भरत जातात आणि तंतुवाद्यासारखी धार येते. एवढ्या साध्या बेरजेवर तो सारा थाट उभा होता. पुतण्याने कीबोर्डातला फारफिसाचा नमुना काढून तीन सप्तके याच प्रमाणात लावली, खालचा घुमारा कमी केला, वरची चकाकी कापली आणि आवाज छोट्या गिटार-अँप्लिफायरच्या नकलेतून सोडला. कंपाचा खटका लावला.

काका या वेळी बराच वेळ वाजवत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग काका थांबून म्हणाले, "फार शुद्ध आहे रे."

या एका वाक्याने पुढचे तीन आठवडे गेले.

जुन्या फारफिसात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते आणि ते उष्णतेला हळवे असत. एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नसराईत, मांडवाच्या पत्र्याखाली, दिव्यांच्या झोतात संध्याकाळी सहाला लावलेला सूर रात्री दहाला तिथे राहत नसे. बारा जनक एकमेकांशी बांधलेले नसल्याने प्रत्येक जण आपल्या मर्जीने सरके. मात्र एका सुराची सर्व सप्तके एकाच जनकाची लेकरे असल्याने ती आपसात कधी फितूर होत नसत. षड्ज सरकला तर तिन्ही सप्तकांतले षड्ज सारखेच सरकत. वाद्य बेसूर होई, पण त्या बेसूरपणालाही एक शिस्त असे. मिरजेला तंबोरा घडविणारे कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा ते तारेला मुद्दाम थोडी खरखर देत असतात आणि तिच्यावाचून तंबोरा मुका वाटतो. फारफिसाची सरक कोणी मुद्दाम दिलेली नव्हती. परंतु सात वर्षे रोज तीच कानी पडल्यावर काकांच्या लेखी ती वाद्याचा भाग झाली होती.

सुदैवाने कीबोर्डात बारा स्वरांची श्रुती वेगवेगळी हलविण्याची सोय होती. ती बहुधा अरबी किंवा हिंदुस्थानी संगीतासाठी दिलेली असते. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पून त्यांतील काही भाग वर किंवा खाली जाता येते, आणि एक स्वर हलविला की त्याची सारी सप्तके बरोबर हलतात. म्हणजे जुन्या वाद्याची रचना इथे आपोआपच मिळाली. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर काका खुर्चीत डोळे मिटून बसत आणि पुतण्या एकेक पट्टी दाबून धरी. "काळी दोन जरा वर. आणखी. बास. पांढरी पाच उतरव. एवढी नको, ती रडायला लागली." कुठे चार भाग, कुठे सात, एका ठिकाणी तब्बल अकरा. पुतण्या ते आकडे हळदीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवी. दुसऱ्या दिवशी काका त्यांतले निम्मे पुन्हा बदलीत. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची सरक इतकी नेमकी आठवू शकते का, हा प्रश्न पुतण्याच्या मनात आला. पण काही जागी काका रोज न चुकता त्याच आकड्यावर थांबत.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली. वाजविताना काकांचा उजवा गुडघा टेबलाखाली सारखा बाजूला जाऊन काहीतरी शोधत असे. फारफिसाला गुडघ्याने ढकलायची एक दांडी असते. ती ढकलली की आवाज उजळतो, सोडली की पुन्हा मऊ होतो. दोन्ही हात गुंतलेले असताना शेवटच्या ओळीला चढ द्यायचा तो तिनेच. कीबोर्डाला पायाने दाबायचे पेडल जोडता येत होते, पण काकांच्या पायाला ते कळेना. तेव्हा पुतण्याने पेडल आडवे करून स्टँडच्या पायाला पट्ट्याने आवळून बांधले, ते परत यावे म्हणून सायकलच्या कॅरियरची एक स्प्रिंग लावली आणि पेडलला आवाजाचा उजळपणा जोडून दिला. काका बसले, गुडघा सरकला आणि जागच्या जागी थांबला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तीच ओळ पाच वेळा वाजविली.

या देशात विजेच्या वाद्यांची गोडी अशीच दुकानांच्या मागच्या खोल्यांतून पसरली. 'नागिन' या १९५४ च्या चित्रपटात, हेमंतकुमारांच्या संगीतात जी पुंगी सर्वांनी ऐकली, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या, व्हॉल्व्हवर चालणाऱ्या आणि एका वेळी एकच सूर देणाऱ्या छोट्या वाद्यावर वाजविली होती. त्यांचे वडील कच्छहून मुंबईस येऊन किराणा मालाचे दुकान चालवीत. काका हे उदाहरण तरुणपणी अण्णांना फार वेळा ऐकवीत असत. अण्णांचे उत्तर काय असे, ते घरात कोणाला आठवत नाही.

मानपत्राचा मजकूर लिहिण्याचे काम पुतण्याकडे आले तेव्हा त्याला पेटीची विक्री नेमकी केव्हा झाली ते पाहावेसे वाटले. जुन्या वह्या माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेल्या होत्या. १९७९ च्या रोजकीर्दीत, दिवाळीच्या थोडे आधी, एका दिवसाच्या जमेच्या बाजूला ती ओळ सापडली: 'किरकोळ जमा, बाजा विक्री, रु. १,८५०'. वर हळदीच्या पोत्यांची रक्कम, खाली बारदानाची. या दोहोंच्या मध्ये ती ओळ होती. पुतण्या बराच वेळ तिथेच बसून राहिला. रक्कम कमी होती म्हणून नव्हे, 'किरकोळ' या शब्दामुळेही नव्हे. अक्षर अण्णांचे नव्हते. अण्णांचे अक्षर उभे आणि तुटक होते. हे डावीकडे झुकलेले, 'र'ला लांब शेपूट असलेले अक्षर काकांचे होते.

त्याने वही खाली आणली आणि काही न बोलता काकांसमोर उघडून ठेवली. काकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवले आणि हसले.

"अठराशे पन्नास. चांगले आले होते."

"काका, पेटी अण्णांनी विकली ना?"

"अण्णांनी? छे. अण्णा नकोच म्हणत होते. ठेव म्हणाले, पडून राहू दे, तुला कधी वाटलं तर हाताशी असेल. मीच विकला की."

"पण का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तीन पट्ट्या मेल्या होत्या. एका सुराचा जनक गेला होता, त्याचा ट्रान्झिस्टर सांगलीत मिळेना, कोल्हापुरात मिळेना. मुंबईचा माणूस म्हणाला, एक बदलला की दुसरा जाईल. चालू होता तोवर गिऱ्हाईक मिळालं. इस्लामपूरचा एक बँडवाला होता, त्याला मेलेल्या पट्ट्या सांगितल्या, लपवल्या नाहीत. तरी त्यानं घेतला." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

पुतण्याने विचारले की मग घरात सगळे इतकी वर्षे अण्णांचे नाव का घेत होते. काकांनी खांदे उडविले. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आजोबांच्या दुःखात कोण काय समजले, हे त्या वेळी पाहायला कोणाला सवड नव्हती. आणि पुढे अण्णांनाही ती समजूत खोडून काढावी असे वाटले नसावे. काकू मात्र आतून म्हणाल्या, "मला ठाऊक होतं." यावर काकांनाच आश्चर्य वाटले.

त्या रात्री पुतण्या पावतीपुस्तक काढून पुन्हा एकदा आकडे पाहत बसला. हे सारे कोणासाठी चालले आहे, याचा त्याने आजवर स्वतःशीही उच्चार केला नव्हता. वडिलांनी घेतलेले काही तरी परत करायचे आहे, अशी एक अंधूक गोष्ट त्याच्या मनात होती. आणि आता वहीत पाहता तसे देणेच निघत नव्हते. उलट, ज्या माणसाने पेटी ठेव म्हटले होते, त्याच्या नावे मुलाने चाळीसहून अधिक वर्षे खोटी नोंद धरून ठेवली होती. त्याने मानपत्राचा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. अण्णांविषयी एक वाक्य घातले, खोडले, पुन्हा घातले. शेवटी तसेच राहू दिले: मोठ्या भावाने हे वाद्य विकू नये असे सांगितले होते.

कीबोर्डात आवाज जतन करताना नाव द्यावे लागते. पडद्यावर मराठी अक्षरे येत नव्हती. त्याने इंग्रजी अक्षरांत 'किरकोळ' असे टाइप केले.

कार्यक्रमाच्या दिवशी सायंकाळची जेवणे उजेडातच उरकली. कराड, जयसिंगपूर, बेळगाव येथून पाहुणे आले होते. मानपत्र वाचताना अण्णांच्या वाक्यापाशी काकांनी मान खाली घातली, एवढेच पुतण्याने पाहिले. मग काका कीबोर्डाशी बसले. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा मागच्या ओळीतल्या दोन वृद्ध गृहस्थांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतले एक त्या काळी ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवीत. सुरांच्या त्या किंचित सरकलेल्या जागा, चौकोनी लहरीचा तो थोडा नाकातला आवाज आणि शेवटच्या ओळीला गुडघ्याने दिलेला चढ, सारे ठीक जमले. नव्या कीबोर्डाच्या जड पट्ट्यांमुळे एके ठिकाणी जलद घसरण चुकली. काकांनी ती पुन्हा घेतली नाही, पुढे गेले.

गाणे संपल्यावर टाळ्या झाल्या. काकांची नात गाण्यासाठी उभी राहिली. तिने मोबाइलवरून संगीताचा ट्रॅक लावून ठेवला होता आणि आजोबांनी तिच्याबरोबर साथ करायची होती. काकांनी पुतण्याला खुणेने जवळ बोलावले.

"आता सूर सरळ कर. पोरीला गायचंय."

पुतण्याने वाकून कळ दाबली. बारा स्वर आपापल्या जागी गेले. गुडघ्याचे पेडल त्याने सोडविले नाही.